निविदेतली झाडांची यादी बदला : उद्यान अधीक्षकांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या सर्व महानगरपालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या उद्यान विभागप्रमुखांस,



शहरात कोणतं झाड लागणार हे मंत्रालयात ठरत नाही आणि वृक्षारोपणाच्या व्यासपीठावरही ठरत नाही. ते आपल्या टेबलावर ठरतं. पावसाळ्याआधी रोपखरेदीची निविदा निघते, तिला एक परिशिष्ट जोडलेलं असतं. रोपाचं नाव, उंची, पिशवीचा आकार, नग, दर. पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्या गावातल्या पाखरांनी काय खायचं आणि कुठे घर करायचं, याचा निकाल त्या एका कागदावर लागून जातो. पाहुणे येतात, खड्ड्यात माती लोटतात, फोटो निघतो. पण खड्ड्यात काय जाणार ते आधीच ठरलेलं असतं. म्हणून हे पत्र मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे. मागणं एकच आहे. ती यादी बदला.

आपल्या राज्याने मानाने मिरवलेली नावं एकदा आठवून पाहू. राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण, राज्यवृक्ष आंबा, राज्यप्राणी शेकरू. २०१५ मध्ये ब्लू मॉर्मन म्हणजेच नीलवंत हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालं. असं करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवन वृक्ष झाला. शेकरू जंगलात राहतं आणि चिप्पी खाडीत, ती आपल्या कक्षेबाहेरची. पण हरियाल आणि नीलवंत शहरात येऊ शकतात, येतातही. हरियालाचं पोट वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर चालतं. नीलवंताची मादी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. आता गेल्या दहा वर्षांत नव्याने केलेल्या एखाद्या बागेचा नकाशा काढून बघा. रॉयल पाम, अरेका पाम, फायकस, गोल्डन ड्युरांटा, अकॅलिफा, कडेने बोगनवेल, मध्ये कार्पेट लॉन. या बागेत राज्यपक्षी आला तर बसेल कुठे आणि खाईल काय? राज्य फुलपाखराने अंडी कशावर घालायची? ज्यांना आपण मान दिला त्यांना त्या बागेत घासभर अन्न नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. वर्गात मुलं हमखास विचारतात, झाड ते झाड, त्यात देशी काय आणि विदेशी काय? सावली दोन्हींची, प्राणवायू दोन्हींचा. प्रश्न रास्त आहे आणि आपल्यालाही तो पडत असणार, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देते.

पान हे झाडाचं भांडवल आहे आणि ते राखण्यासाठी प्रत्येक झाड आपल्या पानात काही ना काही रसायनं भरतं. कुणाचा चीक विषारी, कुणाचा वास उग्र, कुणाची चव कडू. ज्या किड्यांनी हजारो-लाखो वर्षं त्याच झाडासोबत काढली, त्यांनी ती रसायनं पचवायची युक्ती साधली. आपल्या माळावरच्या रुईचा चीक डोळ्याला लागू देऊ नये म्हणतात, इतका तो जहाल. पण प्लेन टायगर या केशरी फुलपाखराची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी तीच पानं खाऊन वाढते, ते विष अंगात साठवते आणि त्यामुळे पक्षी तिला आणि पुढे तिच्या फुलपाखरालाही तोंड लावत नाहीत. फुलपाखराची मादी पानावर उतरते तेव्हा पायांनी पानाची चव घेते. आपलं झाड आहे अशी खात्री पटली तरच अंडं घालते, नाही तर उडून जाते. मादागास्करचा गुलमोहर, मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियातली निलगिरी ही झाडं तिच्या ओळखीची नाहीत. त्यांची पानं पचवायची विद्या आपल्याकडच्या फार थोड्या किड्यांना येते. म्हणून ही झाडं कायम टवटवीत, एकही पान न कुरतडलेली दिसतात. नर्सरीवाले त्यालाच गुण म्हणतात. ज्या झाडाला कीड लागत नाही, ते झाड कुणाला जेवूही घालत नाही.

इथे चिमणी आठवते. दरवर्षी २० मार्चला चिमणी दिन साजरा होतो, लाकडी घरटी वाटली जातात. चांगलंच आहे. पण दाणे टिपणारी चिमणी आपल्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस दाणे भरवत नाही. त्या कोवळ्या चोचीत अळ्या आणि मऊ किडेच जावे लागतात. बुलबुल, शिंजीर, दयाळ, शिंपी यांचीही गत तीच. शिंजीर फुलातला मध पितो, पण पिल्लांसाठी कोळी आणि किडे शोधत फिरतो. घरटं टांगलं आणि भोवती अळीच नाही, तर त्या घरट्यात पिल्लं वाढायची कशी?

काही जण म्हणतात, आमच्या बागेत हमेलिया आहे, पेंटास आहे, त्यावर फुलपाखरांची झुंबड असते. असते, मीही पाहते. घाणेरीवरसुद्धा असते. पण तो मोठ्या फुलपाखराला मिळालेला मध झाला. बाहेरगावच्या माणसाला खानावळ सापडली म्हणून त्याचा संसार उभा राहत नाही. अंडी घालायला त्याचं त्याचं झाड लागतं, आणि ते नसेल तर ही पिढी मध पिऊन संपते.

एका बागेत मी पाहिलेली गोष्ट सांगते. लिंबाचं छोटं झाड होतं, मुलांच्या घसरगुंडीजवळ. त्याच्या कोवळ्या पानांवर अळ्या होत्या. लहानपणी ही अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी-काळी आणि मध्ये पांढरा डाग, त्यामुळे कुणी तिच्याकडे वळून बघत नाही. मोठी झाली की ती पानासारखी हिरवीगार होते. तिला काडीने जरा डिवचलं की डोक्यामागून एक नारिंगी, दुबेळक्यासारखा मऊ अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. मुलं तिथे गोल करून बसली होती. एक मुलगी प्रत्येक अळी कोणत्या फांदीवर आहे ते वहीत लिहीत होती. दुसऱ्या दिवशी बागेत फवारणी झाली. लिंबाची पानं कुरतडलेली दिसत होती, कुणी तरी तक्रार केली होती आणि माळ्याने त्याला सांगितलेलं काम केलं होतं. मी त्या माळ्याला दोष देत नाही. त्याला कुणी असं सांगितलंच नव्हतं की, बाबा रे, या झाडाची पानं खाल्लेली दिसली तर समज की बाग नीट चालली आहे. बागेच्या पाहणीच्या तक्त्यात "कीड आढळली का" असा रकाना असतो. "फुलपाखराच्या अळ्या आढळल्या का" असाही एक रकाना त्यात घाला, आणि त्याचं उत्तर "होय" आलं तर माळ्याची पाठ थोपटा.

आता उंबराविषयी. या झाडाबद्दल मला विशेष बोलायचं आहे, कारण शहरातल्या पक्ष्यांसाठी एकच झाड निवडायची वेळ आली तर मी उंबर निवडीन.

उंबराचं फळ फोडलं की आत बारीक किडे दिसतात आणि आपण नाक मुरडतो. पण ते फळ म्हणजे मुळात आत वळलेला फुलांचा गुच्छ असतो आणि ते किडे ही त्या फुलांची एकमेव परागवाहक मंडळी. मोहरीच्या दाण्याहून बारीक अशी एक गांधीलमाशीची जात उंबराशी जोडलेली आहे. तिची मादी कच्च्या उंबराच्या टोकाला असलेल्या अरुंद छिद्रातून आत शिरते. वाट इतकी चिंचोळी असते की तिचे पंख तिथेच मोडून पडतात. आत ती काही फुलांवर पराग टाकते, काहींमध्ये अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे त्या फुलांतून नर आधी बाहेर पडतात. त्यांना पंखच नसतात. माद्यांशी त्यांचं मीलन झालं की ते फळाच्या भिंतीला भोक पाडतात. त्या भोकातून माद्या पराग घेऊन उडतात आणि त्यांच्या हातात उणापुरा एखाद-दुसरा दिवस असतो. तेवढ्यात त्यांना दुसरं उंबराचं झाड गाठायचं असतं, आणि तेही नेमकं कच्च्या फळांच्या योग्य अवस्थेत असलेलं.

यात आपल्या कामाची एक गोष्ट दडलेली आहे. या माशीला वर्षभर कुठे ना कुठे योग्य अवस्थेतलं उंबर हवं असतं, म्हणून एकाच परिसरातली उंबरं एकाच वेळी फळत नाहीत. एक पिकत असतं तेव्हा दुसऱ्यावर हिरवी फळं असतात. त्यामुळे बाकीच्या झाडांना फळं नसतात तेव्हाही उंबर कुणाला तरी खाऊ घालत असतं. तांबट, बुलबुल, हळद्या, कोकीळ, राखी धनेश, हरियाल आणि रात्री वटवाघळं, सगळ्यांची पंगत एकाच झाडावर. पण हे चक्र चालायचं तर परिसरात एक उंबर असून भागत नाही. अनेक हवीत, एकमेकांच्या टप्प्यात. प्रत्येक बागेत शोभेपुरता एक उंबर लावून हे साधणार नाही. शहराच्या पातळीवर विचार करून ती लावावी लागतील, आणि तो विचार करू शकणारी यंत्रणा आपलीच आहे.

आपली अडचण मला माहीत आहे. फळं पडून फरशी निसरडी होते, माश्या घोंगावतात, मुळं गटारात शिरतात, पार्किंगमधल्या गाड्यांचे मालक तक्रार करतात. पदपथावर उंबर लावा, असं मीही म्हणणार नाही. पण उंबर मुळात ओढ्याकाठचं झाड आहे. शहरातले नाले आणि नदीचे काठ, पाण्याच्या टाक्यांची आवारं, स्मशानभूमी, बागेचा जिथे कुणी फिरकत नाही असा मागचा कोपरा, खतप्रकल्पाची कुंपणं, या जागा आपल्याच ताब्यात असतात. तिथे उंबर, वड, पिंपळ, पायर, नांद्रुक लावायला कुणाची हरकत येणार नाही. पुलाच्या भेगेत आणि जुन्या भिंतीत उगवलेली वड-पिंपळाची रोपं आपले कर्मचारी दरवर्षी काढून टाकतात. ती काढायलाच हवीत, पण फेकू नका. पिशवीत लावा, दोन वर्षांत फुकटातली उत्तम रोपं तयार होतात.

उंबरानंतर बांडगूळ. हे नाव काढलं की आपल्या खात्यात लोक कोयता शोधतात. आंब्याच्या फांदीवर बांडगूळ दाटलं की झाड अशक्त होतं, हे खरं आहे आणि बागाईतदाराने ते काढावं. पण शहरातल्या बागेत ज्या आंब्याकडून आपण फळाचं उत्पन्न मागत नाही, तिथे एखाद्या फांदीवरचं बांडगूळ राहू द्यायला काय हरकत आहे? त्याच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतो. त्याचं फळ फुलटोच्या खातो. हा अंगठ्याएवढा पक्षी ते चिकट बी फांदीला पुसून टाकतो आणि तिथे नवं बांडगूळ उगवतं. आणि हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू, पांढऱ्या-पिवळ्या पंखांवर कुंकवाची बोटं उमटल्यासारखं दिसणारं, ते याच बांडगुळाच्या पानाखाली रांगेने अंडी घालतं. त्याच्या अळ्या एकत्र जेवतात, एकत्र सरकतात आणि धक्का लागला की रेशमाच्या धाग्याने खाली लोंबकळतात. सरसकट सगळं बांडगूळ काढायचं म्हणजे एका बागेतलं हळदीकुंकू कायमचं पुसून टाकायचं. हा निर्णय माळ्यावर सोडू नका. तो आपण विचार करून घ्या.

वाळलेल्या फांदीचंही तेच. तांबट पक्षी घरट्याचं भोक पोखरतो ते मऊ पडलेल्या, वाळत चाललेल्या लाकडात. मोठा काळा भुंगाही वाळक्या लाकडातच बीळ करतो. आणि हाच भुंगा बहाव्याच्या फुलात शिरतो, तेव्हा छातीचे स्नायू अशा वेगाने थरथरवतो की परागकोशातले पराग झडून बाहेर येतात. बहाव्याच्या फुलात तीन लांब, बाकदार पुंकेसर असतात. भुंगा आखूड पुंकेसरांतले पराग गोळा करत असतो तेव्हा लांबांवरचे त्याच्या पाठीला लागतात. रस्त्यावर माणसांच्या डोक्यावर वाळकी फांदी नको, ती काढा. पण बागेच्या आतल्या, जिथे खाली कुणी बसत नाही अशा झाडाची फांदी राहिली तर कुणाचं काही जात नाही.

मला कुणी विदेशी झाडांची वैरी समजू नये. उभा असलेला गुलमोहर तोडायला मी कधीही सांगणार नाही. पर्जन्यवृक्षावर बगळ्यांच्या वसाहती असतात आणि त्याच्या सावलीत माणसं उन्हाळा काढतात. चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेतली, पण शतकानुशतकं इथे राहून ती आपली झाली. तिची पानं खाणाऱ्या अळ्याही आहेत आणि तिच्या ढोलीत राहणारी घुबडंही. जे उभं आहे ते जगू द्या. माझं म्हणणं नव्या खड्ड्यापुरतं आहे. झाड मरेल तेव्हा त्याच्या जागी काय लावायचं, एवढाच प्रश्न आहे.

एकाच जातीची रांग लावायची सवय मात्र सोडायला हवी. मुंबईत पिठ्या ढेकणाने रस्त्यांवरचे पर्जन्यवृक्ष एकामागून एक वाळून गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. रांगेत एकच जात असेल तर एका रोगाने अख्खा रस्ता उघडा पडतो. आणि काही झाडं नव्याने लावूच नयेत. गुजरातने २०२३ मध्ये कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली. ते दुभाजकांवर भराभर वाढतं, हिरवंगार दिसतं, म्हणून आपल्याकडेही लावलं गेलं. शेजारच्या राज्याला जे एका आदेशाने करता आलं ते आपल्या शहरात आपल्या सहीने करता येईल.

टेकड्यांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे चांगल्या हेतूने नुकसान होतं. पुण्याच्या टेकड्यांवर वनीकरण म्हणून गिरिपुष्प लावलं गेलं. ते जगलं, पसरलं आणि त्याच्याखाली मूळचं गवत-झुडूप विरळ झालं. देशावरची टेकडी ही बहुतेक ठिकाणी उघड्या गवताची आणि विखुरलेल्या झाडांची जागा आहे. तिथे हिवर, मेडशिंगी, सालई, गणेर, खैर, मोई अशी झाडं अंतरा-अंतराने असतात आणि मध्ये गवत. चंडोल आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्यांना दाट झाडी म्हणजे बेघर होणं. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य ठेवलं होतं. अशा मोठ्या आकड्यांची पूर्तता करायची म्हटलं की मोकळी टेकडी आधी डोळ्यांसमोर येते. कृपा करून जिथे गवत आहे तिथे खड्डे घेऊ नका. गवत हे काही रिकामी जागा नाही.

तर मग यादीत काय असावं? याचं एक उत्तर राज्यभर चालणार नाही, आणि चालूही नये. कोकणात सुरंगी, उंडी, बकुळ, सीताअशोक शोभतील आणि जगतील. विदर्भात मोह, तेंदू, पळस. मराठवाड्याच्या कोरड्या जमिनीत हिवर, बोर, बाभूळ, आपटा. पश्चिम घाटातलं झाड सोलापुरात नेऊन लावलं तर ते देशी असूनही परकंच. आपल्याला नव्याने अभ्यास करायचीही फारशी गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. त्या नोंदवहीत आपल्या हद्दीतल्या मूळच्या झाडांची, झुडपांची, वेलींची नावं असतात, असायला हवीत. ती नोंदवही कपाटात आणि निविदा टेबलावर, या दोघांची गाठ घालून द्या. नोंदवहीत नाही ते नाव यादीत घालायचं असेल तर कारण लिहावं, असा साधा नियम केला तरी बरंच काम होईल. श्री. द. महाजनांचं 'देशी वृक्ष' हे पुस्तकही आपल्या कार्यालयात असलं पाहिजे.

यादी करताना वर्षाचं चक्र डोळ्यांसमोर असू द्या. थंडी सरताना काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात, तेव्हा मध्य आशियाकडून आलेल्या भोरड्यांचे थवे त्यांवर उतरलेले असतात. परतीच्या लांबच्या प्रवासाआधीचं त्यांचं खाणं ते. मग वायवर्णा, करंज, वैशाखात बहावा, ताम्हण, पावसाळ्यात कदंब. पाऊस संपला की झाडांवरचा बहर कमी होतो, त्या वेळी झुडपं हात देतात, अडुळसा, कोरांटी, आणि पुढे धायटी. एकही महिना बागेत फूल नाही असा जाऊ नये, ही अट निविदेत लिहिता येते.

झुडपांकडे आपल्या खात्याचं सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि मला वाटतं की सगळ्यात लवकर फरक तिथेच दिसेल. झाड मोठं व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, झुडूप दुसऱ्या पावसाळ्यात फुलतं. दुभाजकावर गोल्डन ड्युरांटाची कापून सरळ केलेली भिंत असते, तिथे निर्गुडी आणि अडुळसा लावा. दोन्ही कमी पाण्यावर तगतात, छाटणी सोसतात आणि अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत. बागेच्या कुंपणाला करवंद लावा. काटेरी तारेचा खर्च वाचेल आणि बुलबुल त्यात घरटं करेल. एखाद्या वाफ्यात तेरडा, कुर्डू, सोनकी यांचं बी टाकून पाहा. आणि प्रत्येक बागेत एक पत्रीचा कोपरा ठेवा. गणपतीच्या पत्रीतल्या रुई, आघाडा, माका, डोरली, विष्णुक्रांता, शमी, बेल या वनस्पती एकेकाळी परसात आणि गावाच्या वेशीवर मिळत. आता भाद्रपदात लोक त्या बाजारातून जुडीने आणतात आणि कोणतं पान कशाचं हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. बागेत त्या पाटीसह लावल्या तर मुलांना ओळख होईल, आणि उरलेले अकरा महिने रुईवर अळ्या, आघाड्यावर किडे, माक्याच्या फुलावर फुलोरी मधमाशी.

हे सगळं वाचून आपण म्हणाल, रोपं कुठे मिळतात? खरी मेख हीच आहे. नर्सरीत जाऊन विचारलं तर मालक सांगतो, वायवर्ण्याला गिऱ्हाईक नाही, मी कशाला वाढवू? कार्यालयात विचारलं तर उत्तर येतं, बाजारात वायवर्णा मिळत नाही, निविदेत कसा घालू? दोघंही खरं बोलतात आणि त्यामुळे गोल्डन ड्युरांटा चालू राहतो. ही साखळी नर्सरीवाला तोडू शकत नाही, कारण त्याचं पोट त्यावर आहे. आपण तोडू शकता, कारण शहरातले सगळ्यात मोठे गिऱ्हाईक आपण आहात. रोपखरेदीची निविदा जूनच्या तोंडावर न काढता दोन वर्षं आधी काढा. जातींची नावं, बियाणं कुठून गोळा करायचं तो परिसर आणि दोन वर्षांनी किती उंचीचं रोप घेणार हे त्यात लिहा. एवढी हमी मिळाली तर छोटे नर्सरीवाले, बचतगटातल्या बायका, शाळा सगळे पुढे येतील. चार फुटी रोपाऐवजी सात फुटी रोपाचा हट्ट धरू नका. मुळं पिशवीत गुंडाळली गेलेल्या उंच रोपापेक्षा निरोगी लहान रोप जमिनीत लवकर जम धरतं, हे आपल्या अनुभवी माळ्यांना विचारा.

पडीक आणि नासलेल्या जागाही परत उभ्या राहतात. धारावीजवळ मिठी नदीच्या काठावर जिथे शहराचा कचरा टाकला जाई, तिथे १९९४ पासून ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं आहे, आणि शंभरावर जातींचे पक्षी तिथे नोंदले गेले आहेत. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरांच्या खाद्यवनस्पती आणि मधाच्या वनस्पती विचार करून लावल्या गेल्या, तिथे शंभरावर जातींची फुलपाखरं दिसली. ओवळेकर वाडी कुणा सरकारी योजनेतून झालेली नाही. कोणती अळी काय खाते हे माहीत असलं की झालं.

पालापाचोळ्याबद्दल थोडक्यात. तो जाळू नका, उचलून कचरागाडीतही देऊ नका. झाडाखालीच राहू द्या. सातभाई त्यात उलथापालथ करून किडे शोधतात, कितीतरी जीव त्यात उन्हाळा काढतात आणि जमिनीची ओल टिकते. बुंध्याला चिकटून काँक्रीट घालणाऱ्या ठेकेदाराला मात्र काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नका.

आणि आम्हा नागरिकांबद्दलही बोललं पाहिजे. बाग अस्वच्छ दिसते, पानं खाल्ली आहेत, गवत वाढलं आहे, अशा तक्रारी आम्हीच करतो. आपला दूरध्वनी त्याच कारणाने वाजतो, याची मला कल्पना आहे. म्हणून बागेत पाट्या लावा. "या कोपऱ्यात फवारणी होत नाही, इथे फुलपाखरांची पिल्लं वाढतात" एवढं लिहिलं तरी निम्मे लोक तक्रार करण्याऐवजी थांबून बघतील. उरलेल्या निम्म्यांची समजूत काढायला शाळा-महाविद्यालयांतले आमच्यासारखे शिक्षक येतील. वृक्ष प्राधिकरणाच्या बैठकीत आपण हा विषय मांडलात तर पाठिंब्याची पत्रं आम्ही गोळा करू.

हे पत्र पोचेल तेव्हा पुढच्या पावसाळ्याची निविदा बहुधा तयार असेल, ती कदाचित बदलता येणार नाही. पण त्यापुढच्या दोन वर्षांची रोपं आत्ताच पेरावी लागतील. पळसाच्या चपट्या शेंगा उन्हाळ्याच्या शेवटी तयार होतात, त्यातलं बी ताजंच पेरावं लागतं, ठेवून चालत नाही. बहाव्याची शेंग मात्र झाडावर वर्षभर लोंबते. तिच्या बियांचं कवच टणक असतं. गरम पाण्यात रात्रभर भिजवलं किंवा कडेला जरा घासलं की बी रुजतं. आमच्या विद्यार्थ्यांना बी ओळखता येतं, गोळा करता येतं, पिशव्या भरता येतात. आपल्या रोपवाटिकेत थोडी जागा, पाण्याचा नळ आणि एक जाणता माळी एवढं द्या. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षा संपतात. त्यानंतर कोणत्या दिवशी यायचं ते कळवा.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका